काकाजींनी दिलेली नोकरी

अकोल्याच्या एका बिछायतवाल्याने मला फसवले. त्याने मला नोकरी दिली.

नोकरी देतो म्हणून न देणारे पुष्कळ असतात. त्यांच्याबद्दल पेपरात छापून येते. देऊन फसवणारा मला हा एकच भेटला. आज अमरावतीत माझे स्वतःचे बिछायत केंद्र आहे. लग्नाकार्याला लागणारे सगळे, गादीपासून झाऱ्यापर्यंत, भाड्याने देणारे दुकान म्हणजे आमच्याकडचे बिछायत केंद्र. लोक मला सांगतात, काकाजींनी तुला हाताशी धरले म्हणून तू उभा राहिलास. असे म्हणणाऱ्याला मी चहा विचारत नाही. माझे डोके गरम आहे असेही लोक म्हणतात, आणि ते खरे आहे. पण मी झालेला सौदा कधी फिरवला नाही, आणि माझ्याशी कुणी खोटा सौदा केला तर मी तो विसरतही नाही. हा सौदा खोटा होता हे कळायला मात्र मला सोळा वर्षे लागली.

काकाजींचे दुकान अकोल्याच्या जुन्या भागात एका गल्लीत होते. पुढच्या खोलीत छतापर्यंत गाद्यांच्या थप्प्या. मागच्या खोलीत गंज, कढया, पराती, बादल्या. काकाजी उंच होते, आणि मांडवाच्या दोरीखालून जाताना माणूस जशी मान वाकवतो तशी त्यांची मान कायम खाली असायची, मोकळ्या रस्त्यावरसुद्धा. बोलताना हातात सुतळीचा तुकडा लागायचा. त्याला ते गाठ मारायचे आणि सोडायचे. गाठ सुटली नाही की समोरच्याचे काम होत नसे.

आयुष्यभर त्यांनी लोकांच्या लग्नांना गाद्या पुरवल्या, पण एकाही लग्नात जेवले नाहीत. आमंत्रणे यायची. हे जायचे नाहीत.

"मी पंगतीत बसलो त माहीच ताटं मोजत राहीन," ते म्हणायचे. "वरण थंडं होऊन जाईन."

न जाता त्यांना लग्नातले सगळे कळायचे. परत आलेल्या मालावरून. गाद्या टेम्पोतून उतरल्या की एकेक उलटी करून बघायचे आणि आम्हाला सांगायचे. "हे पाय, लोडावर कोनीच टेकलं नाई. वरपक्ष ताठ बसून होता. रुसला असन." किंवा, "मठ्ठ्याचे गिलास धुतल्यासारखे कोरडे हायेत. मठ्ठा पहिल्याच पंगतीत सरला." एकदा अचलपूरच्या एका लग्नातून सतरंजी आली, तिच्यावर एकाच जागी खूप शेंगांची टरफले होती. काकाजी तिच्याकडे बराच वेळ बघत राहिले. "नवरदेवाचा बाप," ते म्हणाले. "एकटाच बसून होता बिचारा." आम्ही हसलो. पुढे त्या लग्नाला गेलेला एक जण भेटला, त्याने तंतोतंत तेच सांगितले.

भाव मात्र त्यांनी कधी कमी केला नाही. कुणी घासाघीस करू लागला की त्यांचे एकच वाक्य असायचे. "भाव कमी होत नसते बाप्पा. वस्तू वाढते." आणि खरोखर वस्तू वाढवायचे. बार्शीटाकळीचा एक गृहस्थ मुलीच्या लग्नाचे ठरवायला आला. तास-दीड तास भांडला. शेवटी ठरल्या भावातच दोन कढया, अकरा लोड आणि एक घंगाळ जास्तीचे घेऊन विजयी मुद्रेने गेला. लग्न झाल्यावर तोच माणूस ती ओझी उतरवताना घामाघूम झाला होता. "काकाजी, हे घंगाळ कशाले दिलं होतं?" त्याने विचारले. काकाजी म्हणाले, "मले काय मालूम? मांगलं तुमी."

हा प्रसंग मी गादीवर लोळत, पोट धरून हसत बघितला होता. त्याच दिवशी मी त्यातून काही शिकलो असतो तर पुढचे घडले नसते.

कारण मी त्या दुकानातला बसणारा होतो. आषाढात लग्नसराई संपली की तुळशीचे लग्न लागेपर्यंत गाद्यांना काम नसते. गणपती आणि देवी सोडली तर थप्प्या तशाच. त्या चार महिन्यांत दुपारी आम्ही तिथे पडलेले असायचो. मी, आणि माझा मित्र मास्तर. तो तेव्हा मास्तर नव्हता, डी.एड. करून जागा निघण्याची वाट बघत होता, पण नाव आधीच पडले होते. मी बी.कॉम.ला दोनदा नापास झालो होतो. घरी मी आणि माय. माय एका डाळ मिलमध्ये डाळ निवडायला जायची. ती सकाळी बाहेर पडली की रिकामे घर मला खायला उठायचे. काकाजींच्या गाद्यांवर मला कुणी काही विचारत नव्हते. निकाल काय लागला, पुढे काय करतोस, काही नाही.

काकाजी स्वतः मात्र गादीवर कधी बसले नाहीत. लाकडी स्टुलावर बसायचे. त्यांचा नियमच होता. "मालक अन् नोकर मालावर बसत नसते. गिऱ्हाईक बसते, नाई त रिकामा मानूस बसते."

आणि स्टुलावर बसून ते माझ्याशी सौदा करायचे. कशाचा? अकोल्याचा.

"समज, हे अकोलं विकाले काढलं," त्यांनी एकदा सुतळीला गाठ मारत सुरुवात केली. "घेशील?"

"आधी दाखवा," मी म्हणालो. "मोर्णा नदी धरून की सोडून?"

"नदी धरून."

"नदी नको. गाळ कोन काढन?"

"बरं, नदी फुकट देतो. गाळ तुया."

"फुकट असन तरी नको. उन्हाळा कमी करून द्या, मंग बोला."

"उन्हाळा त भावात धरेल हाये!"

असे किती दिवस चालले. मी किल्ला पाडून मागितला, त्यांनी बसस्टँड वाढवून दिला. एका दुपारी तर फक्त कापूस बाजाराच्या एका कडुनिंबावर आम्ही दोन तास भांडलो, की झाड जमिनीबरोबर येते की सावली वेगळी विकायची. मास्तर कूस बदलून म्हणायचा, "झोपू द्या बे!" मला आजही वाटते, सौदा करण्याचे जे काही मला येते ते मी त्या गाद्यांवर शिकलो, नोकरीत नाही. लोक उलटे समजतात.

मग एका दुपारी, श्रावण असावा, काकाजी माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू असं कर. उद्यापासून कामावर ये."

मला आधी वाटले हाही सौद्यातलाच भाग. पण ते गंभीर होते. "मले मानूस पाहिजे. इचार कर अन् सांगजो."

त्याच आठवड्यात अमरावतीहून भाऊजींचा निरोप आला होता. मोटारपंपांच्या मोठ्या दुकानात काउंटरवर जागा होती. मालक ओळखीचा, राहायला ताईचे घर, सोमवारपर्यंत कळवायचे. आयुष्यात पहिल्यांदा मला दोन नोकऱ्या एकदम आल्या, आणि मी आनंदी व्हायचे सोडून आजारी पडल्यासारखा हिंडू लागलो.

अमरावतीचे गणित सरळ होते. पगार बरा, पंखा डोक्यावर, पुढे बढती. पण अकोला सुटले असते, म्हणजे गाद्या सुटल्या असत्या. काकाजींकडे राहिलो तर अकोला राहिले असते, दुकान राहिले असते, पण नियमाप्रमाणे मी गादीवर बसू शकलो नसतो. म्हणजे जिथे मला सगळ्यात सुखाने बसता येत होते तिथेच मी उभा राहणार होतो. आणि दोन्हींना नाही म्हणावे, तर मायला काय सांगू?

माय म्हणाली, "दोनीपैकी कोन्ती बी घे. पन घे रे बापू. मी डाळीतले खडे वेचते अन् तू दुपारभर गाद्या दाबतं."

शेवटी मी मास्तरला विचारले. पानठेल्यावर उभे होतो. मी माझे सगळे दुखणे सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "घे."

"कोनती?"

"काकाजीची. डोये मिटून घे."

"पन मंग बसता येनार नाई."

"अबे, दिवसभर तिथंच त असशीन. बसलं काय अन् उभं राह्यलं काय! अमरावतीले तुले कोन वयखते? मोटारपंप इकून राह्यला म्हने!"

मला ते पटले. पटायचेच होते, म्हणून पटले. मी भाऊजींना फोन करून नाही म्हणालो. भाऊजी एकच वाक्य बोलले, "गाद्या उचलाले कॉलेज लागते काय?" आणि फोन ठेवला. पुढची दोन वर्षे ते माझ्याशी बोलले नाहीत. ताईसुद्धा राखीला आली तेव्हा राखी बांधून लगेच निघाली.

दुसऱ्या दिवशी मी काकाजींसमोर उभा राहिलो. "तयार हावो मी," मी म्हणालो.

त्यांच्या हातातली सुतळी थांबली. "काय?"

"कामावर येतो."

"इचार केला?"

"केला. अमरावतीले नाई म्हनून सांगतलं."

त्यांनी सुतळी स्टुलाखाली टाकली. मग त्यांनी पगार सांगितला. मी दीडपट मागितला. मी काय त्यांना सोडणार होतो? अकोल्याच्या सौद्यात मी त्यांच्याकडून अख्खी नदी फुकट काढली होती.

"पगार वाढत नसते," ते म्हणाले. "वस्तू वाढते. दुकानाची चावी तुयाजवळ राहीन."

चावी! मी मनात उडालो. वरून तोंड वाकडे केले. "नुसत्या चावीनं काय होते?"

"सायकल घे."

"अन्?"

"मांगचं गोदाम तुयं. मी त्यात पाय ठेवनार नाई."

"आनखी सांगा."

काकाजी माझ्याकडे विचित्र नजरेने बघत होते. मला वाटले, हरत चालले आहेत. "परतवाडा, अचलपूर, हिवरखेड, तिकडचा सगळा माल तुया नावावर," ते म्हणाले. "चमचा हारपला तरी लोकं तुले इचारतीन, मले नाई."

"एसटीचं तिकीट तुमचं!"

"हाव. माहं." आणि मग हळूच, "अजून इचार कर बे. नाई जमत त नाई म्हन. मी काई मनावर घेनार नाई."

"सौदा झाला," मी म्हणालो आणि त्यांचा हात ओढून हातावर टाळी दिली.

घरी गेलो तो राजासारखा. मायला सांगितले, पगार तेवढाच आहे पण चावी, सायकल, गोदाम आणि तीन गावे मिळवली. माय म्हणाली, "गोदामाचं तू काय करशीन?"

सकाळी कळले. चावी माझ्याकडे होती, म्हणजे सहाला दुकान मलाच उघडावे लागणार होते. सायकल माझी, म्हणजे शंभर ताटांचे पोते कॅरिअरला बांधून मीच नेणार. गोदाम माझे, म्हणजे त्यातले उंदीर माझे, आणि चार वर्षांची काजळी धरलेल्या कढयाही माझ्या. घंगाळवाला गृहस्थ मला त्या गोदामात फार आठवला.

चार वर्षे मी ती नोकरी केली. वाईट केली असे कुणी म्हणणार नाही. हिवरखेडच्या एका लग्नातून मोठा गंज परत आला नाही, तेव्हा मी जाऊन तो शोधून आणला. नवरीच्या मामाच्या गोठ्यात होता, त्यात सरकी भिजत घातली होती. मामाशी भांडलो, सरकी रिकामी केली, गंज डोक्यावर घेऊन एसटीत चढलो. कंडक्टर म्हणाला, याचे तिकीट लागेल. मी म्हणालो, तो बसला कुठे आहे, तो उभा आहे. गाडीतल्या लोकांनी दोन बाजू घेतल्या. एक म्हातारी म्हणाली, "लेकरू बसवा त्यात, मंग लेकराचं तिकीट लागनार नाई." शेवटी अर्ध्या तिकिटावर मिटले. हे सगळे मी दुकानात येऊन रंगवून सांगितले. पूर्वीचे काकाजी असते तर त्यांनी त्या तिकिटावर माझ्याशी संध्याकाळपर्यंत वाद घातला असता.

ते म्हणाले, "ठेव. धुवून घे."

चार वर्षे असेच. "गंज. दोन. परतवाडा." "गाद्या वरतं टाक, ओल आली." मी नोकर झालो त्या दिवसापासून त्यांनी माझ्याशी एकही सौदा केला नाही. अकोल्याचा व्यवहार अर्धवट राहिला. मी दोन-तीनदा सुरुवात करून पाहिली. "काकाजी, किल्ल्याचं काय ठरवलं?" ते म्हणाले, "तुयं काम झालं काय?" स्टुलावर ते, दारात मी, आणि मधे रिकाम्या गाद्या. मास्तर मात्र रोज दुपारी यायचा, पाय पसरायचा आणि मला म्हणायचा, "पानी आन ना बे जरा."

पुढे मास्तरला बार्शीटाकळीकडच्या एका शाळेत जागा मिळाली. मी अमरावतीला येऊन वीस गाद्यांवर स्वतःचे दुकान टाकले. निघताना काकाजींनी मला काहीही दिले नाही. फक्त म्हणाले, "भाव कमी करू नोको." तो सल्ला मी पाळला नाही. मी भाव कमी करतो आणि वस्तूही कमी देतो. धंदा चांगला आहे.

आता मुद्द्याचे. यंदा दिवाळीनंतर मास्तर अमरावतीला माझ्या दुकानात आला. भावाच्या घराची वास्तुशांती होती, गाद्या पाहिजे होत्या. सवयीने थप्पीवर चढून आडवा झाला. जुन्या गोष्टी निघाल्या, आणि मी म्हणालो, काकाजींनी तेव्हा नोकरी दिली नसती तर मी मोटारपंपवाला झालो असतो.

मास्तर हसायला लागला. इतका की थप्पी हलली.

"तुले अजून मालूमच नाई?" तो म्हणाला. "काकाजी सगळ्यायलेच नोकरी देत होते. मानूस लय दिवस पडून राह्यला, उठवाचा असला की म्हनत, उद्यापासून कामावर ये. कामाचं नाव काढलं की मानूस पळते. मले त तुया आधीच दोनदा देली."

"मंग तू काय केलं?"

"आठ दिवस गेलोच नाई. मंग पान घेऊन गेलो. म्हने, बस. बसलो. सगळे असेच करत. हो म्हननारा तू एकटाच निंघाला लेका!"

मी त्याला तिथल्या तिथे गाद्यांचा भाव वाढवून सांगितला. मग त्याला थप्पीवर तसाच सोडून गाडी काढली आणि सरळ अकोल्याला गेलो. वाटेत मूर्तिजापूरला चहा घ्यायलाही थांबलो नाही.

काकाजी आता थकले आहेत. दुकान त्यांची मुलगी चालवते, सोफे आणि झगमग दिवे भाड्याने देते. ते मागच्या खोलीत स्टुलावर होते. मी पाणीसुद्धा न पिता विचारले, "काकाजी, तुमाले मानूस पाहिजे होता का नव्हता?"

"कधी?"

"मले नोकरी देली तवा."

"नव्हता," ते म्हणाले. जराही लाजले नाहीत.

"मंग मी हो म्हनलो तवा सांगाचं होतं!"

"सांगत त होतो! चावी गळ्यात बांधली, गोदाम देलं, तीन गावं देली. म्हनलं, आता पळन, आता पळन. तू आपला आनखी मांगूनच राह्यला!"

"माही अमरावतीची नोकरी गेली तुमच्यापायी! भाऊजी दोन वर्सं बोलले नाईत. अन् मले बसू नाई देलं चार वर्सं."

आता काकाजी तापले. मान वर केली. त्यांची मान वर झालेली मी पहिल्यांदाच बघितली. "अन् माहं काय गेलं ते सांगू? बसनारे लय आले अन् गेले. सगळे नुसते पडून राहत. तू चांगला बसत होता बे. दुपार कशी जाये ते समजत नव्हतं. आठ दिवसाची गोष्ट होती. पळाला असता, लाजत लाजत आला असता, परत बसला असता जागेवर. त तू नोकरच होऊन आला! नोकराशी काय बोलाव? फसवलं त तू मले!"

मी आता ते पाणी प्यायलो.  त्यांनी स्टुलाखालून सुतळी काढली, गाठ मारली, पण ती सोडायचे त्यांच्या ध्यानात राहिले नाही.

"तू हो म्हनला कावून, कशापायी?" त्यांनी विचारले. "तुले कोनी सांगतलं नाई, की मी असं करतो म्हनून?"

"मी मास्तरले इचारलं होतं. तो म्हने, घे."

"मास्तर म्हने?"

"हाव. डोये मिटून घे म्हने."

काकाजींनी माझ्याकडे बघितले, मी त्यांच्याकडे. "त्याले त मालूम होतं," ते म्हणाले. "त्याच्याच वेळंपासून मी हे सुरू केलं." मग सुतळी बाजूला ठेवून ते म्हणाले, "बोलाव त्याले."

मी तिथूनच फोन लावला. मास्तर म्हणाला, वर्गावर आहे. दोन तासांपूर्वी मी त्याला अमरावतीत थप्पीवर सोडले होते. दुसऱ्या दिवशी लावला, म्हणाला परीक्षा सुरू आहेत. तिसऱ्या दिवशी त्याच्या बायकोने उचलला आणि म्हणाली, भाऊजी, ते आंघोळीला गेले. दुपारचे साडेतीन वाजले होते.

म्हणून हे लिहितो आहे. काकाजी म्हणतात मी त्यांना फसवले, मी म्हणतो त्यांनी मला. आम्ही दोघे कुणीच मागे हटणारे नाही. पण ज्याला सगळे माहीत होते असा माणूस त्या दिवशी पानठेल्यावर एकच होता. मास्तर, तुझ्या भावाची वास्तुशांती झाली, माझ्या गाद्या परत आल्या, त्याबद्दल माझी तक्रार नाही. येत्या रविवारी अकोल्याला ये. मी येतो, काकाजी असतातच. पान आणू नकोस, पानावर हे मिटणार नाही. आमच्या दोघांच्या तोंडासमोर उभा राहा आणि सांग, तू मला "घे" कावून म्हणाला होतास?